पोराला की ढोराला?

तालुक्याच्या गावी आठवडे बाजाराच्या दिवशी औषधांच्या दुकानासमोर जी गर्दी लोटते, तीत घटकाभर उभे राहण्याचा योग ज्यास आला असेल त्यास पुढील प्रसंग परका वाटणार नाही. पटक्याचा शेव खांद्यावर टाकलेला एक वयस्क शेतकरी फळीवर कोपर टेकून म्हणाला, ‘‘जंताचं औषध द्या.’’ दुकानदाराने मान वर न करता विचारले, ‘‘पोराला की ढोराला, तात्या?’’ तात्यांनी क्षणभर विचार केला आणि उत्तर दिले, ‘‘दोघास्नी चालंल असं एकच द्या की.’’ गर्दी हसली, दुकानदारही हसला. मला मात्र त्या उत्तरात हसण्याजोगे फारसे आढळले नाही. कारण शाळेत मुलांस वाटली जाणारी गोळी आणि गोठ्यात गाईच्या घशात ओतले जाणारे पांढरे दाट औषध या दोहोंच्या वेष्टनावर पुष्कळदा अल्बेंडाझोल हे एकच नाव छापलेले असते, आणि तेवढ्यापुरते तात्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. राहिलेले निम्मे जे त्यांस ठाऊक नव्हते, व जे आपल्यापैकी सुशिक्षित म्हणविणाऱ्यांसही बहुधा ठाऊक नसते, त्याच्याविषयी चार गोष्टी सांगण्याचे येथे योजिले आहे.

‘जंत’ हा आपल्या भाषेतील मोठा सोयीचा आणि तितकाच फसवा शब्द आहे. वीतभर लांबीचा, पांढुरका, गांडुळासारखा गोलकृमी. आतड्याच्या अस्तरास तोंडाने चिकटून रक्त पिणारा, बोटाच्या पेराइतकाही लांब नसलेला अंकुशकृमी. रात्री लहान मुलांच्या गुदद्वाराशी खाज आणणारा, सुताच्या तुकड्यासारखा बारीक कृमी. फितीसारखा चपटा आणि पेरापेरांचा पट्टकृमी. जनावराच्या यकृतात ठाण मांडणारा, पानाच्या आकाराचा पर्णकृमी. आणि डासाच्या दंशातून शरीरात शिरून पायाचा खांब करून सोडणारा हत्तीरोगाचा कृमी, एवढे सारे गणगोत या एका शब्दाच्या पोटात आपण कोंबले आहे. वस्तुस्थिती अशी आहे की या प्रत्येकाची राहणी निराळी, शरीरात शिरण्याची वाट निराळी, आणि म्हणून त्याच्यावर चालणारे औषधही निराळे. एका मामलेदाराचा हुकूम जसा शेजारच्या तालुक्यात चालत नाही, तसा पट्टकृमीवरच्या प्राझिक्वांटेलचा अंमल गोलकृमीवर चालत नाही आणि गोलकृमीस लुळा पाडणाऱ्या पायरँटेलला यकृतातील पर्णकृमी जुमानत नाही. औषध मागण्यापूर्वी कृमी कोणता याची खातरजमा करणे, आणि ती विष्ठेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याने होते हे लक्षात ठेवणे, ही या विषयातील पहिली पायरी होय; आणि गंमत अशी की माणसांच्या दवाखान्यात जी तपासणी कंटाळवाणी म्हणून टाळली जाते ती जनावरांच्या सरकारी दवाखान्यात, चिमूटभर शेण कागदी पुडीत नेले असता, पुष्कळदा तिथल्या तिथे होऊन जाते.

आमच्या लहानपणी हा सारा मामला फार सोपा होता. रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल पाजायचे आणि दुपारपर्यंत ताटकळायचे, की जंताचे काम झाले असे घरातील वडीलधारी मंडळी मानीत. तान्ह्या मुलाच्या दुधात वावडिंग उकळणे, पळसपापडी उगाळणे, किरमाणी ओव्याची फक्की देणे हे उपाय घरोघर चालत. त्यांस निव्वळ हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. किरमाणी ओव्यापासून काढलेले सँटोनिन हे द्रव्य जगभरच्या औषधालयांत कित्येक वर्षे मानाने वागले. परंतु त्याची मात्रा जराशी चढली की रोग्यास सारे जग पिवळे दिसू लागे, आणि घरगुती फक्कीत त्या द्रव्याचे प्रमाण किती हे सांगण्यास कोणी धजत नसे. त्या काळाने आपल्या मनात एक समजूत मात्र पक्की करून ठेवली आहे, ती ही की औषध घेतल्यावर जंत पडलेले डोळ्यांनी दिसले पाहिजेत. अल्बेंडाझोल हे काम निराळ्या रीतीने करते. कृमीच्या पेशींतील सूक्ष्म नलिका ज्या प्रथिनाच्या बनतात त्यासच ते बांधून ठेवते, त्यामुळे कृमीस साखर शोषून घेता येत नाही, आणि तो सावकाश, दोनतीन दिवसांत, उपासमारीने मरतो. तेव्हा ‘‘गोळी खाल्ली पण काही पडलं नाही’’ ही तक्रार घेऊन दुसरी गोळी मागावयास येणाऱ्या आईची समजूत घालणे हे अंगणवाडीताईंचे एक नित्याचे काम होऊन बसले आहे.

ही शाळेतील गोळी २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने, १० फेब्रुवारीस आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा ऑगस्टमध्ये, १ ते १९ वर्षांच्या मुलांस दिली जाते. २ वर्षांवरील मुलास ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी आणि १ ते २ वर्षांच्या मुलास अर्धी, असे तिचे प्रमाण आहे. गोळी चावून खावयाची असते; लहानग्यास ती दोन चमच्यांत चुरून, पाण्यात कालवून द्यावी, अख्खी गोळी त्याच्या जिभेवर ठेवून वर पाण्याचा पेला लावणे हे ठसका लागून जीव घाबरा होण्याचे हमखास साधन आहे. ज्या मुलास त्या दिवशी ताप आहे वा जे दुसऱ्या आजारावर औषध घेत आहे, त्याची गोळी पुढे ढकलावी. पोटात जंत मुबलक असलेल्या मुलास गोळीनंतर किंचित पोटदुखी वा मळमळ होते, व ती बहुधा काही तासांत निवळते. तेवढ्यावरून ‘गोळी बाधली’ अशी हाकाटी करून सबंध शाळेस घाबरवू नये. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र हे औषध वर्ज्य समजावे, आणि दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी ती डॉक्टरांस सांगावी. त्यानंतरच्या महिन्यांत अंकुशकृमीमुळे रक्त उतरलेल्या गर्भवतीस डॉक्टर स्वतःच ते देतात.

एकाच गोळीने सर्व कृमींचा निकाल लागतो असेही नाही. गोलकृमी एका मात्रेस चांगला बळी पडतो, चाबकाच्या आकाराचा कृमी मात्र एका गोळीस सहसा दाद देत नाही. सुतासारख्या बारीक कृमीची गोष्ट तर आणखी वेगळी, कारण औषध त्याचे मोठे कृमी मारते परंतु नखांत, अंथरुणात, चड्डीच्या शिवणीत पसरलेली अंडी तशीच राहतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा, आणि दोन्ही वेळा घरातील सर्वांनी एकाच दिवशी, असा शिरस्ता न पाळल्यास धाकटा बरा होईपर्यंत थोरला खाजवू लागतो व ही फेरी वर्षभर चालते. त्या रात्री नखे कापून अंथरुणे, पांघरुणे गरम पाण्याने धुण्याची तजवीज केल्यावाचून गोळीचे निम्मे पैसे पाण्यात गेले म्हणावयास हरकत नाही.

येथे एका धोक्याची सूचना जरा ठासून दिली पाहिजे. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी, हा कृमी ज्याच्या पोटात आहे अशा माणसाच्या विष्ठेतून शेतात, तेथून कच्च्या कोथिंबिरीवर, मुळ्यावर, पाण्यात जातात, आणि पोटात गेल्यावर त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचून तेथे गाठी करून राहतात. त्यामुळे आयुष्यात मांसास न शिवलेल्या माणसासही या गाठींपायी फेफरे येऊ शकते, ही गोष्ट ऐकून पुष्कळ घरांत प्रथम राग आणि मागून चिंता उत्पन्न होते. अशा माणसाने आपल्या मनाने अल्बेंडाझोल वा प्राझिक्वांटेल घेतले तर गाठीतील मेलेल्या अळीभोवती मेंदूस सूज येऊन झटका येण्याचा संभव असतो. म्हणून डॉक्टर मेंदूचे चित्र काढून, सूज आवरणारे औषध सोबत देऊन, वजनाच्या हिशेबाने पुष्कळ दिवस हाच उपचार चालवितात. ज्यास पूर्वी कधी फेफरे आले आहे त्याने जंताची गोळी डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये, एवढे निदान घरातील कर्त्या माणसाने मनात बांधून ठेवावे.

विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली या भागांतील वाचकांस हत्तीरोगाच्या गोळ्यांचा अनुभव असेल. डायइथिलकार्बामाझिन हे त्यांतील मुख्य औषध १९४७ साली पुढे आले, आणि ते ज्यांच्या देखरेखीखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाले ते यल्लाप्रगड सुब्बाराव हे आंध्रातील भीमवरमचे. आपल्या देशात त्यांचे नाव जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही. या रोगाचे पिलू कृमी रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसे रात्री आठनऊनंतर दार ठोठावून बोटाचे रक्त मागतात. त्यांस चोरासारखी वागणूक देऊ नये. गोळ्या वाटणारी ताई त्या आपल्यासमक्ष गिळावयास सांगते आणि उपाशीपोटी देत नाही, यालाही सबळ कारण आहे. घेतल्यावर ताप, डोकेदुखी, चक्कर आली तर ती बहुधा औषधाची नव्हे, तर रक्तात मरणाऱ्या कृमींची खूण असते, म्हणजे ज्यास त्रास झाला त्यासच त्या गोळीची खरी गरज होती. जेथे आयव्हरमेक्टिनसह तीन औषधे एकत्र देतात तेथे ताईंच्या हातात उंची मोजण्याची खुणांची काठी दिसते, कारण आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांची संख्या तेथे उंचीवरून ठरते. २ वर्षांखालील मूल, गर्भवती स्त्री आणि गंभीर आजारी माणूस यांस यांतून वगळलेले आहे. एकदा सुजून घट्ट झालेला पाय मात्र या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. त्यास रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे आणि भेगांवर मलम लावणे हाच इलाज आहे.

आता ज्याचे नाव वर आले त्या आयव्हरमेक्टिनची हकीकत, कारण गोठा आणि घर यांच्यामधला उंबरा ओलांडण्याचा मोह याच औषधाने सर्वांत अधिक पाडला आहे. जपानमधील कावाना येथे गोल्फच्या मैदानाजवळील मातीच्या नमुन्यात सातोशी ओमुरा यांस एक जंतू सापडला, त्याने निर्माण केलेले द्रव्य कृमींस मारते हे अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी दाखविले, आणि १९८१ साली ते प्रथम जनावरांसाठी बाजारात आले. पुढे आफ्रिकेत नदीकाठच्या माणसांस अंधत्व आणणाऱ्या कृमीवर ते गुणकारी ठरले व १९८७ पासून मर्क कंपनीने त्यासाठी ते विनामूल्य देऊ केले. २०१५ चे नोबेल पारितोषिक या दोघांस, हिवतापावरील आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांच्यासह, मिळाले. एवढी पुण्याई गाठीस असलेल्या या औषधाचा करोनाच्या साथीत मात्र भलताच बोभाटा झाला. २०२१ च्या मे महिन्यात गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांस ते देण्याचे जाहीर केले, आणि काही ठिकाणी लोकांनी जनावरांच्या बाटल्याही फोडल्या. पुढे झालेल्या मोठ्या चाचण्यांत त्या रोगावर त्याचा उपयोग आढळला नाही.

जनावरांची बाटली माणसाने का फोडू नये हे हिशेबानेच पटवून घ्यावे. गाईस टोचावयाच्या शेकडा एक प्रमाणाच्या औषधात १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असते, आणि ५० किलो वजनास १ मिलिलिटर अशी त्याची मात्रा. ६० किलोच्या माणसास खरजेसाठी डॉक्टर जी मात्रा देतात ती साधारण १२ मिलिग्रॅम भरते. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतात, म्हणजे अंदाजाने घेतलेल्या एका चमच्यात चौपटीहून अधिक औषध गेले. शिवाय ते ज्या द्रावात विरघळविलेले असते तो पिण्यासाठी केलेलाच नसतो. झोपाळलेपण, ओकाऱ्या, तोल जाणे, येथपासून बेशुद्धीपर्यंत त्याचे परिणाम जातात. हेच औषध कोली जातीच्या कुत्र्यांस अल्प अधिक मात्रेतही घातक ठरते, कारण त्यांपैकी पुष्कळांच्या मेंदूस त्यापासून वाचविणारी अंगची योजना जन्मतःच सदोष असते. आणि कुत्र्याच्या गोचिडांवर लावावयाचे पर्मेथ्रिन मांजरास लावले तर मांजर थरथरून मरते. प्राणी लहान म्हणून औषध थोडे, इतका साधा हा हिशेब नव्हे.

खरजेचा उल्लेख आला म्हणून तेवढे सांगून टाकतो. पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, खाजेच्या जागीच नव्हे तर सर्वांगास, रात्री लावून सकाळी धुवावे, आठवड्याने पुन्हा लावावे, आणि घरातील सर्वांनी एकाच रात्री लावावे. वर ओझरता उल्लेख आला त्या हिवतापाविषयीही दोनच शब्द. टपाल कचेरीत पैशाला कोयनेलची पुडी मिळे त्या दिवसांपासून आपल्याकडे ताप उतरला की औषध थांबविण्याची सवय जडली आहे. हिवतापाचा एक प्रकार यकृतात दडून बसतो व त्यास हुसकून काढण्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून उरलेली पट्टी फडताळात टाकणारा माणूस काही महिन्यांनी पुन्हा हुडहुडत दवाखान्याच्या बाकावर येतो. काहींच्या रक्तात जन्मजात एका द्रव्याची उणीव असते व त्यांस हे औषध बाधते, म्हणून सुरू करण्यापूर्वी रक्ताची चाचणी मागावी. गर्भवतीस ते देत नाहीत.

आता गोठ्याकडे वळू. जनावरास जंताचे औषध देताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे वजनाचा अंदाज, आणि तो अंदाज बहुधा कमीच धरला जातो, कारण त्यात दोन रुपये वाचतात. ताणकाटा घरात नसला तरी शिंप्याची फीत असते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी, घेरास घेराने व मग लांबीने गुणून ६६० ने भागावे, की किलोंत वजन निघते. घेर ६० इंच, लांबी ५५ इंच, तर गाय ३०० किलोंची. किलोस साडेसात मिलिग्रॅम या मापाने तिला २२५० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल लागले. आता बाटलीकडे पाहावे. शेकडा अडीच प्रमाणाची बाटली असेल तर हे औषध ९० मिलिलिटर होते, शेकडा दहाची असेल तर साडेबावीस. नाव एकच, रंग एकच, दुकानातील फळी एकच, आणि मात्रेत चौपटीचा फरक. चष्मा न लावता लेबल वाचणाऱ्या माझ्यासारख्याने ते दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे यात कमीपणा नाही.

हे औषध बाटलीत पाण्यासारखे विरघळलेले नसते, त्याचा साका तळाशी बसतो. बाटली न हलविता पाजणी सुरू केली तर दावणीच्या पहिल्या गाईस नुसते पांढरे पाणी आणि शेवटच्या वासरास सारा साका मिळतो. पाजण्याच्या कलेविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, कारण माझ्या हातून एकदा एक वासरू जाता जाता वाचले आहे. घाईत त्याचे तोंड आकाशाकडे करून, जीभ बाहेर ओढून, मी बांबूचे नळकांडे थेट घशाशी रिकामे केले. ते खोकले, डोळे पांढरे केले, आणि पुढे दहा दिवस त्याच्या छातीतील घरघर ऐकत मी गोठ्यात बसलो. औषध श्वासनळीत उतरले होते. जीभ कधी धरू नये, कारण जिभेवाचून गिळता येत नाही. मान जमिनीस समांतर, नाकपुड्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर जाणार नाहीत एवढीच उचलावी, ओठाच्या कोपऱ्यातून गालाच्या खोबणीत थोडे थोडे सोडावे, प्रत्येक घोटास थांबावे, आणि जनावर खोकले की तत्काळ मान सोडून द्यावी.

पाजणीची वेळ जनावराच्या वयावर व ऋतूवर अवलंबून असते. रेडकास एक विशिष्ट गोलकृमी आईच्या दुधातूनच येतो, म्हणून त्याची पहिली मात्रा जन्मानंतर १० ते १५ दिवसांत, पशुवैद्यकास विचारून, दिली पाहिजे. ‘‘एवढ्याशा पारडाला कसले आलेत जंत’’ म्हणून जे थांबतात त्यांची रेडके हगवणीने जातात व दोष मात्र थंडीवर येतो. मोठ्या जनावरांस पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा सरल्यावर एकदा, असा साधारण शिरस्ता आहे. तळ्याकाठी, ओढ्याच्या चिखलात चरणाऱ्या गुरांच्या यकृतात पर्णकृमी शिरतो, कारण त्याचे अर्धे बालपण पाणगोगलगायीच्या पोटात जाते. कोकणात गुहागर तालुक्यातील गिमवी येथे १९५२ च्या सुमारास माणसांच्या लघवीवाटे रक्त पाडणाऱ्या कृमीचे केंद्र उघडकीस आले, तेथेही मध्यस्थी एका चिमुकल्या गोगलगायीचीच होती. गुराच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली की पर्णकृमीची शंका धरावी. त्याच्या वाढ झालेल्या कृमीवर ऑक्सिक्लोझानाइड चालते, कोवळ्या कृमीसही गाठणारे ट्रायक्लाबेंडाझोल. गाभण गाईस पहिल्या तिमाहीत अल्बेंडाझोल देऊ नये. त्याने गर्भ बिघडतो. तेथे फेनबेंडाझोलसारख्या अधिक निर्धोक औषधाविषयी पशुवैद्यकाशी बोलावे.

दुधाचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण तो आपल्या रतिबाच्या पैशांशी भिडतो. जनावराच्या पोटात गेलेले औषध दुधात उतरते. बाटलीवर दूध किती दिवस विकू नये याची मुदत छापलेली असते, आणि दुभत्या गाईस आयव्हरमेक्टिन टोचूच नये, कारण ते दुधात फार दिवस रेंगाळते. ही मुदत पाळणारे गवळी मी पाहिले आहेत, परंतु मोजण्यास हाताची बोटे पुरतात. तेच औषध शेणातूनही बाहेर पडते आणि शेण जमिनीत नेऊन पुरणाऱ्या शेणकिड्यांच्या अळ्यांस मारते. ज्याच्या रानात शेणाच्या पोवट्या महिनोन् महिने तशाच वाळत पडतात त्याने याचा विचार करावा. गोचिडांचे म्हणाल तर अंगावर दिसतात ती थोडी, गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत असतात ती फार. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडून तेथेच हजारो अंडी घालते. म्हणून डेल्टामेथ्रिन वा अमिट्राझ लेबलावरील प्रमाणात फवारताना गोठा, गव्हाण व भेगाही फवाराव्या, जनावरास आधी पोटभर पाणी पाजावे म्हणजे ते अंग चाटणार नाही, हातमोजे घालावे, वारा पाठीशी घ्यावा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच करावे. गोचिडांतून येणाऱ्या तापाने संकरित गाई दोनचार दिवसांत दगावतात, तेव्हा तापलेल्या गाईवर घरचा प्रयोग न करता डॉक्टर आणावा.

मेंढपाळांसाठी एक निराळी गोष्ट. शेळ्यामेंढ्यांच्या पोटात रक्त पिणारा जो कृमी असतो तो वारंवार एकाच औषधास, आणि तेही अपुऱ्या मात्रेत, सामोरा गेल्याने निगरगट्ट झाला आहे. मग दुकानदार औषध नकली म्हणून शिव्या खातो. सबंध कळपास दरमहा पाजण्याऐवजी प्रत्येक मेंढीची खालची पापणी बोटाने ओढून आतील रंग पाहावा. लालबुंद असेल तर तिला औषधाची गरज नाही. फिकी, पांढरट असेल तर तिला द्यावे. दक्षिण आफ्रिकेत या रंगांचा तक्ताच तयार केला आहे, आणि एकदा डोळा बसला की आपल्या धनगरांस तक्त्याचीही आवश्यकता राहणार नाही. कळपाबरोबर हिंडणाऱ्या कुत्र्यास कापलेल्या मेंढीचे यकृत, फुप्फुस टाकू नये. त्यातील पाण्याच्या गाठी खाऊन कुत्र्याच्या आतड्यात एक इवलासा पट्टकृमी वाढतो व त्याची अंडी कुत्र्याच्या अंगावरून पोराच्या हाताला लागून पोराच्या यकृतात नारळाएवढी गाठ होऊ शकते. कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक मुदतीने प्राझिक्वांटेल देणे हे येथे पोराचेच औषध होय.

औषधाची एवढी थोरवी गायिल्यावर नारूचे स्मरण केले पाहिजे. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायांतून हातभर लांबीचा कृमी काडीवर गुंडाळून रोज इंच इंच काढीत, आणि त्याच्यावर गुणकारी औषध तेव्हाही नव्हते, आजही नाही. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्या बुजवून विहिरीवर रहाट किंवा पंप बसविणे, एवढ्यावर तो हटला. १९९६ मध्ये आपल्याकडील शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

वाचकांस विनंती एवढीच की दोन वह्या कराव्या, एक देवघराजवळ, दुसरी गोठ्यातील खुंटीस दोरीने टांगलेली. जंताचे औषध आणले की कोणास दिले, वजन किती, औषधाचे नाव व शेकडा प्रमाण काय, तारीख कोणती, आणि पुन्हा कधी द्यावयाचे, एवढे पाच रकाने भरावे. खोक्यातील घडीचा कागद चुलीत न घालता त्याच पानास डकवावा. आणि डॉक्टरांकडे जाताना, मग ते माणसांचे असोत की गुरांचे, ती वही बरोबर न्यावी.